उद्यानकाम ठेकेदारांचा व्यवसाय विमा (पुणे)

बागा, लॉन, गच्चीवरील हिरवळ आणि रस्त्याकडेची झाडे यांची उभारणी व देखभाल कंत्राटाने करणाऱ्या व्यावसायिकांना लागणाऱ्या विमा पॉलिसींचा संच. या धंद्यासाठी सगळे काही पोटात घेणारी एकच तयार पॉलिसी भारतात सहसा मिळत नाही. मजुरांची भरपाई, तिऱ्हाइताचे नुकसान, चालू काम, यंत्रे आणि वाहने यांच्या वेगवेगळ्या पॉलिसी जुळवून संरक्षण उभे करावे लागते. पुण्यात यांपैकी मजुरांची पॉलिसी, ठेकेदारांच्या तोंडी ‘डब्ल्यूसी’, सर्वांत आधी घेतली जाते, कारण तिची प्रत जोडल्याखेरीज आयटी पार्क आणि मोठ्या गृहप्रकल्पांच्या फाटकावर बहुधा गेटपास मिळत नाही. बाकीच्या पॉलिसी सहसा कोणी मागत नाही आणि म्हणून त्या राहून जातात.

पुण्यात या धंद्याला जुना आधार आहे. एम्प्रेस गार्डन, १९०७ साली सुरू झालेले कृषी महाविद्यालय आणि सोलापूर रस्त्याने हडपसरपासून उरुळी कांचनपर्यंत पसरलेल्या रोपवाटिका यांतून माळी, रोपे आणि जाणकार मिळत गेले. पुढे हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांत कंपन्यांची आवारे आणि सोसायट्या उभ्या राहिल्या व वार्षिक देखभालीची कंत्राटे हा नेमाचा पैसा झाला. ठेकेदाराकडे कायमचे माळी थोडे असतात. लाल माती पसरायची किंवा मेक्सिकन लॉन अंथरायचे काम निघाले की मुकादम मजूर अड्ड्यावरून माणसे आणतो. विम्याची खरी अडचण इथूनच सुरू होते.

कामावर अपघात झाल्यास मालकाने भरपाई द्यावी, हे बंधन १९२३ च्या कायद्याने आले. २०१० मध्ये त्याच्या नावातला ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ आला, तरी ‘वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन’वरून पडलेले डब्ल्यूसी हे नाव बाजारात टिकले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावली आहे. हिशेबाचे सूत्र तेच राहिले : मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. जुन्या कायद्याखाली ३ जानेवारी २०२० पासून हिशेबात धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये होती. तीस वर्षांच्या मजुराचा गुणक २०७.९८ असल्याने या मर्यादेवर भरपाई १५,५९,८५० रुपये होते. चार माळ्यांवर धंदा करणाऱ्या ठेकेदाराचे वर्षभराचे उत्पन्न एवढ्यात संपू शकते. भरपाई देय झाल्यावर महिनाभरात न दिल्यास १२ टक्के व्याज आणि मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड विमा कंपनी भरत नाही.

डब्ल्यूसीचा हप्ता मजुरांची संख्या, त्यांचे वेतन आणि कामाचे स्वरूप यांवर ठरतो. हप्ता वाचवायला वीस माणसांच्या जागी सहा दाखवणे हा या धंद्यातला सर्रास चालणारा आणि सर्वांत महागात पडणारा शहाणपणा. तीच गत कामाच्या वर्णनाची. पॉलिसीत नुसते ‘माळीकाम’ लिहिलेले असेल आणि माणूस दोर बांधून रेन ट्रीच्या फांद्या उतरवताना पडला, तर दाव्यावर वाद ठरलेला. म्हणून उंचावरील छाटणी, खोदकाम आणि औषधफवारणी ही कामे अर्जातच लिहावीत. अड्ड्यावरचे रोजंदार आणि पोटठेकेदाराची माणसे यांच्यासाठी वाढीव कलम घ्यावे. दवाखान्याचा खर्चही मूळ पॉलिसीत बहुधा नसतो, त्याचे कलम वेगळे घ्यावे लागते. साप किंवा मधमाश्या चावणे ही बागकामातली रोजचीच भीती. काम करताना तसे घडले तर तोही कामावरचा अपघात ठरतो. दहा किंवा अधिक माणसे कामावर असली की कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. तिच्या कक्षेत मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन घेणारे येतात. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कर्मचाऱ्याचा ०.७५ टक्के. या योजनेत असलेल्या कामगाराला त्याच अपघातासाठी दुसरी भरपाई मागता येत नाही, त्यामुळे डब्ल्यूसी उरते ती योजनेबाहेरच्या माणसांपुरती.

तिऱ्हाइताच्या नुकसानीची सर्वांत नेहमीची घटना क्षुल्लक दिसते. पार्किंगलगत ब्रश कटरने गवत कापताना त्या यंत्राच्या गरगर फिरणाऱ्या नायलॉनच्या दोरीखाली खडा येतो आणि गोळीसारखा जाऊन गाडीच्या काचेवर बसतो. जाणता मुकादम म्हणूनच दोन माणसांना हिरवी जाळी ताणून कटरच्या पुढे चालवतो. काच ठेकेदार खिशातून बदलून देतो; तोच खडा मुलाच्या डोळ्याला लागला तर मात्र खिसा पुरत नाही. त्यासाठी वार्षिक सार्वजनिक दायित्व पॉलिसी हवी. इथे नावाचा एक घोळ आहे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९९१ मध्ये झालेल्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखालची पॉलिसी घातक रसायने हाताळणाऱ्यांसाठी आहे. निविदेत ‘पब्लिक लायबिलिटी’ वाचून तीच घेतली, तर काच आणि डोळा दोन्ही उघड्यावर राहतात.

पाथवे, कारंजे, आधारभिंत अशी बांधीव कामे असतील तर ‘काँट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ पॉलिसी घेतात. तिच्यात कामाचे नुकसान आणि तिऱ्हाइताचे नुकसान असे दोन भाग असतात. काम ताब्यात दिले की ती संपते. देखभालीच्या काळासाठी ती वाढवून घ्यावी लागते. खोदकामात जमिनीखालच्या वाहिन्या तुटणे हा मोठा धोका. पुण्यात घरगुती गॅसची नळवाहिनी, महावितरणच्या केबल आणि पाण्याच्या लाइन एकाच पदपथाखाली असू शकतात. अशा दाव्यात ठेकेदाराने खोदण्याआधी वाहिन्यांचा नकाशा संबंधित यंत्रणेकडून मिळवला होता का, हा कंपनीचा पहिला प्रश्न असतो. भिंतीलगत माती उपसणे किंवा भराव टाकणे याहून गंभीर. २९ जून २०१९ रोजी कोंढव्यात एका सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकाम मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण मेले. पावसाळ्यात भिंतीजवळचे काम काढणाऱ्याने कामाची पॉलिसी उघडून खोदकाम आणि शेजारची मालमत्ता यांविषयीची कलमे वाचलेली बरी.

गच्चीवरच्या बागेचा प्रश्न सावकाश येतो. एक घनमीटर ओली माती दीड ते दोन टन भरते आणि मुळे किंवा कुदळ वॉटरप्रूफिंगचा थर फोडतात. खालच्या घराचे छत गळले तर ते नुकसान दायित्व पॉलिसीत बसू शकते. मात्र ठेकेदाराने स्वतः केलेला सदोष थर पुन्हा करून देण्याचा खर्च कोणतीही साधारण पॉलिसी देत नाही. आराखडाच चुकला असेल तर रचनाकाराची व्यावसायिक दायित्व पॉलिसी लागते, आणि ती ठेकेदाराकडे क्वचितच असते.

झाडांचा विमा हा सर्वांत फसवा भाग. करारात ‘वर्षभरात मेलेले झाड बदलून देणे’ हे कलम हमखास असते आणि ठेकेदाराला वाटते, ते विम्यात आहे. तसे नाही. पाणी कमी पडणे, कीड, रोग, उन्हाचा तडाखा यांनी झाड गेले तर तो धंद्याचा खर्च समजला जातो. तो दर सांगतानाच धरावा लागतो. रोपवाटिकेतल्या रोपांसाठी विशेष विमा वेगळा मागावा लागतो.

गोदाम, पाण्याच्या मोटारी, कटर, खताचा साठा यांच्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. एका ठिकाणच्या ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेला ती चालते आणि पूर तिच्या मूळ संरक्षणातच येतो. विमा रक्कम मालमत्तेच्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी दावा त्या प्रमाणात कापला जात नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला आलेल्या पुरानंतर ओढ्याकाठच्या शेडला ती किती लागते, हे वेगळे सांगायला नको. जेसीबीसारख्या यंत्राला वेगळी यंत्र पॉलिसी, आणि रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक वाहनाला मोटार वाहन कायदा, १९८८ खालचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे.

परवानगीशिवाय झाड तोडल्यास महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली होणारी कारवाई व दंड विम्यात येत नाही, मग तोडायला सोसायटीच्या अध्यक्षांनी सांगितलेले का असेना.

दावा नाकारला किंवा रेंगाळला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात दाद न लागल्यास पुण्यातील विमा लोकपालाकडे जाता येते. एकमालकी धंदे आणि सूक्ष्म उद्योग यांना ही वाट खुली आहे, शुल्क लागत नाही आणि भरपाईची मर्यादा ५० लाख रुपये आहे. हजेरीपत्रक, पगाराच्या सह्या, अपघाताच्या दिवशीचे फोटो आणि कामाचा लेखी आदेश ही कागदपत्रे तिथे कामी येतात. नुसत्या फोनवर ठरलेल्या कामाचा दावा मांडताना ठेकेदाराची दमछाक होते.