चौतिशीतलं हाडही वाढतं, दिवसाला एक मिलिमीटर

‘आता चौतिसाव्या वर्षी पाय सरळ करून काय मिळणार?’ इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या ओळखीच्या एका मुलीने गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं ठरवलं, तेव्हा तिच्या आत्यांपासून समोरच्या किराणावाल्यापर्यंत सगळ्यांनी हेच विचारलं. ती उभी राहिली की गुडघे एकमेकांना टेकतात आणि घोटे लांब राहतात. लहानपणी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आता जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. आत्यांचा निकाल ठाम होता: ‘हाड एकदा पक्कं झालं की झालं. आता कापलं तर जुळायचंसुद्धा नाही.’

आत्यांचं निम्मं बरोबर आहे. लहान मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी तिथे वाढते. मूल वाढत असताना गुडघे वाकडे दिसले, तर या थराच्या एका बाजूला छोटी धातूची पट्टी दोन स्क्रूंनी बसवतात. ती बाजू अडते, दुसरी वाढत राहते आणि पाय हळूहळू आपोआप सरळ होतो. मग पट्टी काढून टाकायची. मुलींमध्ये साधारण चौदा-पंधराव्या, मुलांमध्ये सोळा-सतराव्या वर्षी हा थर हाडात विरघळून जातो आणि ही सोपी वाट बंद होते.

पण लांबी वाढणं वेगळं आणि मोडलेलं जोडणं वेगळं. कातडी फाटली तर वण राहतो, स्नायू फाटला तरी वण राहतो. हाड मात्र मोडलं तर त्या जागी पुन्हा हाडच तयार होतं, आणि ही क्षमता सत्तरीतही शाबूत असते. मोठ्या माणसाचा पाय सरळ करायचा तो हिच्याच भरवशावर.

त्या मुलीच्या घरात कुणीतरी आईच्या गरोदरपणातल्या ग्रहणाचाही हिशोब काढला म्हणे. त्या ग्रहणाच्या दिवशी माळव्यात गरोदर असलेल्या बाकीच्या बायकांच्या मुलांचे पाय सरळ कसे, हे विचारायची सोय नसते. कारण शोधायचंच तर आकाशाऐवजी हापशाकडे बघावं. इंदूरच्या पश्चिमेला धार आणि झाबुआ जिल्ह्यांत कित्येक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही आपल्याकडची कमाल मर्यादा. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं आणि जेवणात कॅल्शियम कमी असलं, की वाढत्या मुलांचे पाय वाकतात. ड जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा मुडदूस, लहानपणचा पोलिओ, वेडंवाकडं जुळलेलं फ्रॅक्चर ही आणखी कारणं.

दुखण्याचं गणित सरळ आहे. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढली, तर ती निरोगी पायात गुडघ्याच्या मध्याजवळून, किंचित आतून जाते. शरीराचं वजन या रेघेवरून उतरतं. गुडघे टेकणाऱ्या पायात रेघ बाहेर सरकते, मग गुडघ्याच्या बाहेरच्या निम्म्या भागातली कूर्चा एकटी भार सोसते आणि आधी झिजते. धनुष्यासारख्या पायात याच्या उलट. म्हणून डॉक्टर उभं करून खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांबलचक एक्स-रे काढायला लावतात. त्याला स्कॅनोग्राम म्हणतात. आडवं झोपवून काढलेल्या गुडघ्यापुरत्या एक्स-रेवर ही रेघ सापडत नाही.

वाकडेपणा थोडा असेल तर एकाच बैठकीत काम होतं. गुडघ्याजवळ हाड जवळजवळ पूर्ण कापायचं, पलीकडची कड बिजागरी म्हणून शिल्लक ठेवायची, फट उघडायची आणि प्लेट-स्क्रूने पक्कं करायचं. फट किती उघडायची? इथे शाळेतल्या भूमितीतला आकडा भेटीला येतो. वर्तुळाच्या त्रिज्येएवढा कंस केंद्राशी ५७.३ अंशांचा कोन करतो. म्हणजे कापाची रुंदी ५७ मिलिमीटर असेल, तर एक अंश फिरवायला बरोबर एक मिलिमीटर फट लागते. प्रौढ माणसाच्या गुडघ्याजवळचं हाड साधारण तेवढंच रुंद असतं, म्हणून ‘दहा अंशांना दहा मिलिमीटर’ हा ठोकताळा चालून जातो. हाड अरुंद असेल तर तो चुकतो, म्हणून मोजून घेतात.

मग पंचवीस अंशसुद्धा एकदम का फिरवू नयेत? हाड तयार असतं, नस तयार नसते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पोटरीच्या बारीक हाडाच्या डोक्याला वळसा घालून एक नस, म्हणजे मज्जातंतू, पावलाकडे जाते. पाऊल वर उचलण्याचं काम तिचं. टेकणारे गुडघे एका झटक्यात सरळ केले की नेमकी हीच नस ताणली जाते, आणि पाऊल लोंबकळायची भीती असते. कोन मोठा असेल किंवा पाय आखूडही असेल, तर झटक्याऐवजी दिवस लावावे लागतात. इथून पुढचा भाग थोडा किचकट आहे, पण मला सगळ्यात प्रिय तोच.

सायबेरियातल्या कुर्गान भागात गाव्रिईल इलिझारोव (१९२१–१९९२) नावाचा डॉक्टर दुसऱ्या महायुद्धानंतर न जुळलेल्या हाडांचे रुग्ण बघत होता. त्याने पायाभोवती धातूच्या रिंगा बसवल्या आणि त्या हाडातून आरपार जाणाऱ्या बारीक तारांनी धरल्या. मोठ्या माणसांत या तारा १.८ मिलिमीटर जाडीच्या असतात. सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारख्या त्या ताणून घट्ट केल्या की एरवी सहज वाकणारी तार माणसाचं वजन पेलते. रिंगा जोडणाऱ्या दांड्यांवर नट असतात. मोडलेल्या हाडाची दोन टोकं एकमेकांवर दाबण्यासाठी हे नट होते. एका रुग्णाने ते उलटे फिरवले, टोकं दूर गेली, आणि मधल्या फटीत नवं हाड दिसलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट कशीही असो, पुढची वर्षानुवर्षं त्याने कुत्र्यांवर प्रयोग करून नियम शोधले.

नियम असा. हाड हळुवारपणे, आतल्या-बाहेरच्या रक्तपुरवठ्याला शक्य तितका धक्का न लावता कापायचं. मग पाच ते सात दिवस काहीच करायचं नाही. या दिवसांत रक्ताची गाठ आणि तिच्यात शिरणाऱ्या पेशी यांचा मऊ लगदा तयार होतो. त्यानंतर दिवसाला एक मिलिमीटर ताणायचं, तेही चार हप्त्यांत. दांडीच्या आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर, म्हणून दर सहा तासांनी नटाचा पाव वळसा. रुग्ण हे स्वतः घरी करतो.

ताण मिळालेल्या त्या लगद्यात कोलॅजन या प्रथिनाचे तंतू ताणाच्या दिशेने ओळीत लागतात. फटीच्या मधोमध तंतुमय पट्टा राहतो, तिथे पेशी भराभर विभागत असतात. त्याच्या दोन्ही बाजूंना हाड बनवणाऱ्या पेशी या तंतूंवर खनिज चढवतात आणि वरून-खालून हाडाचे सूक्ष्म खांब मधल्या पट्ट्याकडे वाढत येतात. खांबांच्या मधून नव्या रक्तवाहिन्या धावतात. साध्या फ्रॅक्चरमध्ये बऱ्याचदा आधी कूर्चा बनते आणि मग तिचं हाड होतं. इथे मुख्यतः तंतूंवरच थेट हाड बसतं. ताणणं चालू आहे तोवर मधला पट्टा जिवंत राहतो. म्हणजे वीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या ग्रोथ प्लेटचं काम करणारी एक तात्पुरती जागा शरीर चौतिशीत पुन्हा उघडतं.

गती चुकली की सगळं फसतं. अर्ध्या मिलिमीटरने ताणलं तर फट वेळेआधीच जुळून बसू शकते, पुढे सरकतच नाही. दोन मिलिमीटरने ताणलं तर रक्तवाहिन्या मागे पडतात आणि फटीत नुसते तंतू उरतात. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत तोच एक मिलिमीटर यंत्राने साठ बारीक पावलांत विभागला, तेव्हा हाड आणखी चांगलं बनलं. एका बाजूचा नट जास्त आणि दुसरीकडचा कमी फिरवला की लांबीबरोबर कोनही सुधारतो.

टोकियोचा १९६४चा ऑलिंपिक विजेता, उंच उडीवाला वालेरी ब्रुमेल मोटारसायकल अपघातात पाय चिरडून बसला होता. बऱ्याच ऑपरेशनांनंतर १९६८मध्ये तो इलिझारोवकडे आला आणि पुढे पुन्हा उड्या मारू लागला. पश्चिम युरोपात हे तंत्र इटलीमार्गे पोचलं, तेही १९८१ उजाडल्यावर.

सध्या हेच तंत्र ‘उंची वाढवा’ म्हणून रीलवर विकलं जातं. एक सेंटीमीटर नवं हाड ताणायला दहा दिवस लागतात, पण ते पक्कं होईपर्यंत रिंग साधारण महिना ते दीड महिना ठेवावी लागते. चार सेंटीमीटरला चार ते सहा महिने. तारांच्या तोंडाशी पू होणं, पोटरी आखडून टाच न टेकणं, गुडघा जाम होणं, रात्रीची झोप उडणं यातलं काहीच रीलमध्ये येत नाही. निरोगी सरळ पाय नुसत्या हौसेसाठी कापायला मी तरी कुणाला सांगणार नाही.

ज्यांना खरंच गरज आहे, त्यांनी आधी रक्त तपासून घ्यावं. ड जीवनसत्त्व किंवा फॉस्फरसची गडबड तशीच असताना हाड कापलं, तर नवं हाड मऊ बनतं आणि पाय पुन्हा वाकू शकतो. दुसरी गोष्ट तंबाखू. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि इथे तर सगळा खेळ त्याच वाहिन्यांचा आहे. गुटखाही यात आला, ‘मी सिगरेट कुठे ओढतो’ ही पळवाट चालत नाही. तिसरी गोष्ट चालणं. रिंग लावलेल्या पायावर डॉक्टर सांगतील तितका भार टाकायचाच, कारण पावलागणिक बसणारा हलका दाब नव्या हाडाला घट्ट करतो. घरचे मात्र ‘आराम कर’ म्हणून पलंगावर बसवतात.

रिंग कधी काढायची हे तारखेवर ठरत नाही. समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढले की नव्या हाडाच्या एकूण चार भिंती दिसतात. त्यातल्या किमान तीन अखंड दिसल्या की दांड्यांचे नट थोडे सैल करून रुग्णाला काही दिवस तसंच चालवतात. हाड वाकलं नाही, दुखलं नाही, तर तारा काढतात. तारांची भोकं भरेपर्यंत काही आठवडे हाड नाजूकच असतं, त्या काळात काठी सोडायची नाही.