मनीप्लांट : गोव्यातील खुली लागवड

सुरण कुलातील सदाहरित वेल. शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. घरात बाटलीत किंवा कुंडीत वाढणारे तिचे रूप सर्वपरिचित आहे. गोव्याच्या दमट हवेत ती माड, पोफळ, आंबा यांच्या खोडावर हवाई मुळांनी चढते, 20 मी.पर्यंत उंची गाठू शकते आणि मग ओळखू येत नाही. कुंडीतले वीतभर पान झाडावर 1 मी.पर्यंत लांब व सु. 45 सेंमी. रुंद होते, त्याला मधल्या शिरेकडे जाणाऱ्या खोल चिरा पडतात. आधार मिळून वेल वर जाऊ लागली की पाने मोठी होतात, खाली लोंबू लागली की पुन्हा लहान. या दोन अवस्था वेगळ्या जाती समजल्या जातात, ते यामुळेच.

वर्गीकरणाचा घोळ बराच जुना आहे. लिंडेन व आंद्रे या वनस्पतिअभ्यासकांनी 1880 मध्ये पोथॉस ऑरियस या नावाने तिचे वर्णन केले. एंग्लर यांनी 1908 मध्ये ती सिंडॅप्सस प्रजातीत (अनेक जातींच्या गटात) घातली. रोपवाटिकांच्या पाट्यांवर ते नाव अजूनही आढळते. फुलोरा क्वचितच दिसत असल्याने निर्णय पानांवरूनच करावा लागे. बर्डसी यांनी 1963 मध्ये तिला ऱ्हॅफिडोफोरा ठरवले, तर पुढच्याच वर्षी बंटिंग यांनी एपिप्रेम्नममध्ये हलवले. या दोन प्रजातींतला मुख्य भेद बियांत आहे : ऱ्हॅफिडोफोराच्या बिया अनेक व बारीक, एपिप्रेम्नमच्या मोजक्या, मोठ्या व वाकड्या. काही अभ्यासक तिला एपिप्रेम्नम पिनॅटमचाच प्रकार मानत. स्वतंत्र जातीचे मत आता अधिक ग्राह्य ठरले आहे. मूळस्थान म्हणून जुन्या उद्यानग्रंथांत सॉलोमन बेटे येतात. अलीकडचा कल फ्रेंच पॉलिनेशियातील मोरेया बेटाकडे आहे. न फुलण्याचे कारण जिबरेलिन या संप्रेरकाची कमतरता असल्याचे 2016 मधील संशोधनाने दाखवले. ते बाहेरून दिल्यास फुलोरा येतो. भारतातील तिचे आगमन 1880 पूर्वीचे असण्याचा संभव कमी.

गोव्यात तिची गफलत स्थानिक वेलींशी होते. पश्चिम घाटातील गणेशकंद (ऱ्हॅफिडोफोरा पर्ट्युसा) हिच्या पानांनाही भोके व चिरा असतात, पण त्यांवर पिवळे पट्टे नसतात. पोथॉस स्कँडेन्सचा देठ पानासारखा चपटा, पंखयुक्त असतो. बागेत लावलेल्या फिलोडेंड्रॉनचे कोवळे पान वेगळ्या पातळ आवरणातून बाहेर पडते, मनीप्लांटचे आधीच्या पानाच्या देठालगत उलगडते.

लागवड सोपी. पेरावर मूळ असलेला तुकडा पावसाच्या तोंडावर, जूनमध्ये, झाडाच्या बुंध्याशी लावतात. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीत शेणखत व पालापाचोळा घालावा. पाणी तुंबल्यास मुळे कुजतात. एप्रिल-मेच्या थेट उन्हात पाने करपतात, म्हणून उघड्या सड्यापेक्षा (खडकाळ पठारापेक्षा) कुळागराची, म्हणजे माड-पोफळीच्या बागेची, सावली तिला मानवते. दाट अंधारात पिवळे पट्टे फिके होतात. बाटलीतले पाणी मात्र दर आठवड्याला बदलावे. डेंग्यूचे डास त्यात वाढतात.

कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूच्याकार स्फटिकांमुळे रस खाजरा असतो. पाने चघळणाऱ्या जनावरांचे व मुलांचे तोंड सुजते. फ्लोरिडा, हवाई व श्रीलंकेत ही वेल उपद्रवी मानली जाते. बियांवाचूनही ती पसरते, कारण पेराचा टाकलेला तुकडाच रुजतो. कुळागरात ती मिरवेलीचा आधार व्यापते आणि पाडेलीला (नारळ पाडणाऱ्याला) माडावर चढणे अवघड करते. म्हणून वेल पुरुषभर उंचीवर छाटावी, आणि छाटणीचे तुकडे पाटात किंवा रानाच्या कडेला न टाकता पूर्ण वाळवून जाळावेत.