शिडाच्या बोटीची थिअरी: अभ्यासाचा व्हिडिओ कसा निवडावा

पावसाळ्यात मुंबईच्या बंदरातल्या शिडाच्या बोटी पाण्याबाहेर काढलेल्या असतात. नेव्हिगेशनची थिअरी उरकायला हेच महिने बरे. आमच्या दुकानात चार्ट (समुद्राचे नकाशे), प्लॉटर (चार्टवर दिशा मोजायची पट्टी) घ्यायला येणारे बरेच ग्राहक सोबत एखादा व्हिडिओ कोर्सही सुचवायला सांगतात, म्हणून हे माहितीपत्रक. पैसे भरण्याआधी मुख्यतः दोन गोष्टी तपासा. व्हिडिओ कोणत्या समुद्रासाठी बनवला आहे, आणि तो पाहताना तुमच्या हातात पेन्सिल येते की नाही.

आधी बोयांचे रंग पाहा

बोये म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा. त्यांच्या पद्धतीसाठी जगाचे दोन विभाग केलेले आहेत. भारत, युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया 'ए' विभागात येतात. इथे समुद्राकडून बंदरात शिरताना लाल बोये डाव्या हाताला आणि हिरवे उजव्या हाताला ठेवायचे. दोन्ही अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपिन्स 'बी' विभागात आहेत आणि तिथे बरोबर उलटे चालते. इंटरनेटवर फुकट मिळणारे पुष्कळ व्हिडिओ अमेरिकेतले असतात. त्यांत 'रेड राइट रिटर्निंग' (परतताना लाल उजवीकडे) इतक्या वेळा म्हणून घेतात की ते डोक्यातून जाता जात नाही. मुंबई बंदरात येताना तोच नियम लावला, तर बोट खोल पाण्याच्या नेमकी बाहेर जाते.

बोटीवरचे दिवे मात्र जगभर सारखेच आहेत, पोर्टला (बोटीच्या डाव्या बाजूला) लाल आणि स्टारबोर्डला (उजव्या बाजूला) हिरवा. विभागानुसार फक्त बोये बदलतात. ज्या व्हिडिओत हा फरक वेगळा काढून सांगितलेला नाही, तो पाहून नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो.

कार्डिनल बोयेही पाहा. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे हे बोये धोक्याच्या कोणत्या बाजूने जायचे ते सांगतात. अमेरिकेत ते फारसे वापरत नाहीत, त्यामुळे तिथल्या कोर्समध्ये हा भाग दोन मिनिटांत संपतो. चारही बोयांवरचे सुळके आणि रात्रीचे चमकारे (पूर्वेला ३, दक्षिणेला ६ आणि एक लांब, पश्चिमेला ९, उत्तरेला सलग) हलत्या चित्रात दाखवले असतील, तर तो व्हिडिओ आपल्या कामाचा.

चार्टवर्क: कॅमेरा टेबलाच्या वर हवा

हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि व्हिडिओ सर्वांत जास्त फसवतात तेही इथेच. शिक्षक कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलतो, चार्ट तिरका दिसतो आणि पेन्सिलची रेघ दिसतच नाही. कॅमेरा टेबलावर सरळ खाली पाहणारा हवा, चार्टची उत्तर वर हवी आणि अक्षांशाच्या पट्टीवरचे आकडे तुमच्या स्क्रीनवर वाचता यायला हवेत. नमुन्याचा भाग ज्या फोनवर किंवा लॅपटॉपवर अभ्यास करणार त्याच्यावरच लावून पाहा.

व्हिडिओत वापरलेला चार्ट तुम्हाला मिळणार आहे का, हेही विचारा. ब्रिटनच्या आरवायए (रॉयल यॉटिंग असोसिएशन) पद्धतीच्या कोर्समध्ये काल्पनिक किनाऱ्याचे सरावाचे चार्ट आणि त्यांच्याबरोबर सरावाचे आल्मनॅक (भरती-ओहोटीची कोष्टके असलेले पुस्तक) असते. तो संच नसेल तर व्हिडिओतले एकही उदाहरण तुम्हाला सोडवता येणार नाही.

कोर्स तपासायला 'प्रवाह धरून कोर्स काढणे' हे एकच प्रकरण पुरेसे आहे. उदाहरण असे घ्या. 'क' या जागेपासून 'ख' ही जागा बरोबर पूर्वेला, म्हणजे ०९० अंशांवर, ४ मैल आहे. बोटीचा वेग ५ नॉट (तासाला ५ सागरी मैल), आणि प्रवाह १८० अंशांकडे १.५ नॉटने वाहतो. पायऱ्या अशा:

१. 'क' पासून 'ख' च्या पुढे जाईल इतकी लांब रेघ काढा. हा जमिनीवरचा मार्ग, यावर दोन बाण.
२. 'क' पासून दक्षिणेला १.५ मैलांची रेघ काढा. हा एका तासाचा प्रवाह, यावर तीन बाण. तिचे टोक 'ग'.
३. डिव्हायडर (दोन टोकांचा कंपास) ५ मैलांवर उघडा, एक टोक 'ग' वर ठेवा आणि दुसरे पहिल्या रेघेला जिथे छेदेल तिथे 'घ' मांडा.
४. 'ग' ते 'घ' ही दिशा धरून बोट चालवायची. यावर एक बाण. उत्तर ०७३ अंश.
५. 'क' ते 'घ' हे अंतर म्हणजे जमिनीवरचा वेग, सुमारे ४.८ नॉट.

नवशिके तिसऱ्या पायरीला 'ग' थेट 'ख' ला जोडून टाकतात. चित्र दिसायला बरोबर दिसते, पण उत्तर ०६९ अंश येते आणि बोट 'ख' च्या उत्तरेला सुमारे ४०० मीटर जाते. 'घ' आणि 'ख' या दोन वेगळ्या जागा आहेत, कारण पूर्ण त्रिकोण एका तासाचा आहे आणि प्रवास तासाभराचा असेलच असे नाही. ही चूक मुद्दाम करून दाखवणारा आणि मग खोडणारा शिक्षक मिळाला, तर तो कोर्स घ्या. फक्त बरोबर उत्तर काढत जाणारे व्हिडिओ पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते. स्वतः टेबलाशी बसल्यावर हात थांबतो.

अंतर मोजण्याबद्दलही एक खुलासा. चार्टवरचे मैल अक्षांशाच्या, म्हणजे डाव्या-उजव्या कडेच्या पट्टीवर मोजायचे. १ मिनिट अक्षांश म्हणजे १ सागरी मैल, १८५२ मीटर. ब्रिटनच्या अक्षांशावर कुणी चुकून वरच्या किंवा खालच्या, म्हणजे रेखांशाच्या पट्टीवर मोजले, तर अंतर दीडपटीहून जास्त येते आणि चूक लगेच कळते. मुंबईच्या १९ अंशांवर मात्र १० मैलांचे १०.६ च होतात. चूक लपते आणि सवय होऊन बसते.

होकायंत्राचेही तसेच आहे. मुंबईजवळ व्हेरिएशन (खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक) एका अंशापेक्षा कमी आहे, म्हणून इथल्याच चार्टवर सराव करणारे खऱ्या दिशेवरून चुंबकीय दिशा काढण्याची पायरी गाळू लागतात. सॅन फ्रान्सिस्कोजवळ तेच व्हेरिएशन १० अंशांहून जास्त आहे, आणि १० अंशांची चूक ६ मैलांत तुम्हाला मैलभर बाजूला नेते. व्हिडिओत मोठ्या व्हेरिएशनची, पूर्व आणि पश्चिम दोन्हींची उदाहरणे हवीत. व्हेरिएशन दरवर्षी थोडे बदलते, म्हणून जुन्या व्हिडिओतला आकडा आजच्या चार्टवर लावू नका. कंपास रोझमध्ये (चार्टवरच्या दिशांच्या वर्तुळात) छापलेले वर्ष आणि वार्षिक फरक पाहून हिशोब करा.

भरती-ओहोटी

परदेशी कोर्समधली पद्धत शिकण्यासारखी असते, पण वेळेचे नियम तिथलेच. ब्रिटिश शिक्षक उन्हाळ्यात एक तास मिळवायला सांगतो. आपल्या भरतीच्या कोष्टकांत वेळ थेट भारतीय प्रमाणवेळेत असते, तीत काही मिळवायचे नाही. फोनमधल्या ॲपने जागतिक वेळ दाखवली, तर साडेपाच तास मिळवायचे.

बाराव्या हिश्श्याचा नियम (तासागणिक १, २, ३, ३, २, १) आकडे घालून शिकवलेला हवा. समजा ओहोटी ०.८ मीटर आणि भरती ४.४ मीटर. फरक ३.६, म्हणून एक हिस्सा ०.३ मीटर. ओहोटीनंतर तीन तासांनी ६ हिस्से चढतात, म्हणजे १.८ मीटर, आणि पाण्याची उंची २.६ होते. चार्टवर ०.६ मीटर उघडी पडणारी वाळूची पट्टी असेल, तर तिच्यावर २ मीटर पाणी. बोटीचा ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) १.५ असेल तर तळाखाली अर्धा मीटर उरतो. उघड्या पडणाऱ्या जागेची उंची वजा करायची, हे ज्या व्हिडिओत नुसते तोंडी सांगून पुढे जातात तो नको. तिथे बाजूने कापलेले चित्र लागतेच.

आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे कोष्टकातून नेमकी हवी ती भरती उचला. उत्तर आले की कोळीवाड्यातला हिशोब लावून ताळा करा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. गणित यापासून दोन-तीन तास लांब गेले असेल, तर बहुधा वेळ मिळवण्यात चूक आहे.

टक्कर टाळण्याचे नियम

व्हिडिओचा खरा उपयोग इथे. १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम पुस्तकात वाचून पाठ होतात, पण रात्री एक लाल आणि दोन पांढरे दिवे पाहून ते जहाज कुठे चालले आहे हे ओळखायला हलते चित्र लागते. चित्र तुमच्या बोटीतून दिसेल तसे हवे. वरून काढलेल्या नकाशात कुणालाही उत्तर येते. बेअरिंग (आपल्यापासून जहाजाची दिशा) बदलत नाही आणि जहाज मोठे होत चालले आहे, हे एका अखंड दृश्यात दाखवले असेल तर फारच उत्तम.

'शिडाच्या बोटीला नेहमी वाट मिळते' असे म्हणणारा व्हिडिओ बाजूला ठेवा. मागून गाठणाऱ्याने बाजूला राहायचे, मग तो शिडावर का असेना. अरुंद चॅनलमधल्या मोठ्या जहाजाला शिडाच्या बोटीने अडथळा करायचा नाही. आणि जाळे ओढणाऱ्या मच्छीमार बोटीपासून आपणच दूर राहायचे. मुंबई बंदरात हे तिन्ही प्रसंग एकाच दुपारी येऊ शकतात. शर्यतीचे नियम वेगळे असतात आणि दर चार वर्षांनी नवे येतात. सध्याचे २०२५ ते २०२८ साठी आहेत.

गाठी, आणि घेण्याआधीचे शेवटचे प्रश्न

गाठींचा व्हिडिओ शिकवणाऱ्याच्या खांद्यावरून घेतलेला हवा. समोरून घेतलेल्यात डावे-उजवे उलटते आणि बोलाइन (न सरकणाऱ्या फासाची गाठ) चुकीची बसते.

डीव्हीडी परदेशातून मागवताना रीजन पाहा. भारत ५, ब्रिटन २, अमेरिका १. ऑनलाइन कोर्स असेल तर वर्गणी परीक्षेपर्यंत टिकते का, आणि व्हिडिओ उतरवून घेता येतो का, ते विचारा. आरवायएच्या डे स्किपर (दिवसा बोट चालवणाऱ्यांसाठीचा कोर्स) थिअरीला साधारण ४० तास धरतात. यातला मोठा भाग चार्टवर जायला हवा, म्हणून १२ तासांचा, जागोजागी थांबवून सोडवायला लावणारा कोर्स ३० तासांच्या भाषणांपेक्षा आम्ही नेहमी वरचा मानतो.

सरावाला अख्खा चार्ट पसरेल एवढे टेबल, प्लॉटर, एका हाताने उघडणारा डिव्हायडर, टू-बी पेन्सिली आणि मऊ खोडरबर एवढे पुरते. एचबी पेन्सिल नको, ती कागदावर चर पाडते आणि पुढच्या उदाहरणाला जुनी रेघ पुन्हा दिसू लागते. दुकानात टेबल आहे. नमुन्याचा व्हिडिओ तिथे लावा, चार्ट मागून घ्या आणि वरचे ०७३ अंशांचे उदाहरण स्वतः काढून पाहा.