प्रक्रिया-सुधारणा कौशल्ये (पुणे औद्योगिक परिसर)

प्रक्रिया-सुधारणा कौशल्ये : रोजच्या कामातला खोळंबा, अपव्यय आणि दोष हेरून ते कमी करण्याची कामगाराची जाण व हातोटी. यंत्रांना सेन्सर बसले, नोंदी आपोआप संगणकात जाऊ लागल्या, तेव्हा या हातोटीला आकडे वाचण्याची जोड आवश्यक झाली.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषध कंपनी उभी राहिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकण, रांजणगाव असा कारखान्यांचा पट्टा विस्तारत गेला. मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य छोटी वर्कशॉप्स याच पट्ट्यात आहेत. भोसरीत एक मशीन अडले तर चाकणची असेंब्ली लाइन ताटकळू शकते, म्हणून सुधारणेचा प्रश्न एका शेडपुरता राहत नाही.

कायझेन (सतत छोट्या छोट्या सुधारणा), फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पाच पायऱ्यांची पद्धत), पोकायोके (चूक होऊच नये अशी रचना) या जपानी संकल्पना इथल्या शॉपफ्लोअरवर संगणकाच्या आधीपासून रुळलेल्या आहेत. नवे आहे ते मोजमाप. उदाहरणार्थ, ४८० मिनिटांच्या शिफ्टमध्ये मशीन ६० मिनिटे बंद राहिले तर उपलब्धता ८७.५ टक्के, वेग ठरल्याच्या ८० टक्के आणि चांगला माल ९५ टक्के असेल, तर तिन्हींचा गुणाकार, म्हणजे यंत्राची एकूण परिणामकारकता (ओईई), ६६.५ टक्के भरते. तिन्ही आकडे सुटे पाहिले तर बरे वाटतात. एकतृतीयांश क्षमता वाया जाते आहे हे गुणाकारातच दिसते.

पण आकडा नुकसान दाखवतो, कारण माणसालाच सांगावे लागते. मशीन थांबले की ऑपरेटरने पडद्यावर कारण निवडायचे असते. हात तेलाने माखलेले, यादी लांबलचक, आणि खरे लिहिले तर चूक आपल्याच नावावर चढेल ही धास्ती. मग बोट ‘इतर’वर जाते. अशा नोंदींवर कितीही महागडे सॉफ्टवेअर चालवले तरी हाती काही लागत नाही. त्यामुळे खरी नोंद करण्याची सवय हे पहिले कौशल्य मानावे लागते, आणि ते टिकवणे सुपरवायझरच्या वागण्यावर अवलंबून असते.

दुसरे कौशल्य आलेख वाचण्याचे. बोअरिंग करताना, म्हणजे धातूतले छिद्र आतून कापून मापाचे करताना, हत्याराचे कापणारे टोक (इन्सर्ट) झिजत जाते तसे छिद्र (बोअर) लहान होत जाते. प्रत्येक माप मर्यादेत असते, तरी नियंत्रण आलेखावर, म्हणजे मापे क्रमाने मांडलेल्या आलेखावर, सलग सात बिंदू खाली उतरताना दिसले की जाणता सेटर (मशीन जुळवून देणारा कामगार) माल नापास होण्याची वाट न पाहता इन्सर्ट बदलतो. मशीनचा आवाज बदलल्याचे त्याच्या कानांनी कदाचित आधीच टिपलेले असते. कान आणि आलेख यांची सांगड घालणारा माणूस कारखान्यात सर्वांत मोलाचा ठरतो. याखेरीज ‘का?’ पुन्हा पुन्हा विचारत मूळ कारणाशी पोचणे, नव्या कामासाठी मशीन जुळवण्याचा (सेटिंगचा) वेळ कमी करणे आणि मेंटेनन्स व आयटीच्या लोकांशी एका भाषेत बोलता येणे यांचाही समावेश होतो.

प्रशिक्षणाचा पाया औंधसारख्या आयटीआय आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील उमेदवारी हा आहे. केंद्र सरकारच्या कारखान्यांत डिजिटल तंत्रज्ञान रुजवण्याच्या ‘समर्थ उद्योग भारत ४.०’ उपक्रमातील सी-फोर-आय-फोर लॅब हे केंद्र पुण्यातच आहे. लहान वर्कशॉपला मात्र सुरुवातीला एवढ्याची गरज नसते. मशीनशेजारी फळा लावून प्रत्येक थांब्याची वेळ व कारण महिनाभर खडूने लिहिले, तर सेन्सर आधी कुठे बसवायचा हे त्यावरूनच कळते.