ऑर्थोफोटो : पद्धती आणि उपकरणे

ऑर्थोफोटो म्हणजे विमानातून, ड्रोनवरून किंवा उपग्रहातून घेतलेले असे छायाचित्र, ज्यातला प्रत्येक बिंदू नकाशाप्रमाणे आपापल्या जागी आणून बसवलेला असतो. त्यावर पट्टी लावून अंतर मोजता येते. साध्या हवाई छायाचित्रावर असे मोजले तर, विशेषतः डोंगराळ भागात, उत्तर चुकते.

चुकण्याचे कारण दुहेरी आहे. कॅमेरा थोडा कललेला असतो आणि तो सगळी जमीन एकाच बिंदूतून पाहतो, त्यामुळे उंच भाग छायाचित्राच्या मध्यापासून बाहेर झुकतात. 1,000 मीटर उंचीवरून घेतलेल्या छायाचित्रात 50 मीटर उंच टेकडीचा माथा मध्यापासून 80 मिलिमीटरवर दिसत असेल, तर तो 4 मिलिमीटर बाहेर सरकलेला असतो. सपाट मुलखात नुसता कल काढला तरी भागते. ऑस्ट्रियाचे थिओडोर शाइम्पफ्लुग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच प्रकाशीय दुरुस्तीचे तंत्र मांडले होते. डोंगराळ भागात मात्र जागोजागची उंची कळल्याशिवाय काही साधत नाही, आणि पुढची सारी उपकरणे ही उंची चित्रात कशी उतरवायची याचीच उत्तरे आहेत.

त्यातले सर्वांत देखणे उत्तर अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील रसेल बीन यांचे. 1950 च्या दशकात त्यांनी ऑर्थोफोटोस्कोप तयार केला. एकमेकांवर अंशतः येणारी दोन छायाचित्रे, एक लाल आणि एक निळ्या प्रकाशात, टेबलावर पाडत. लाल-निळा चष्मा घातलेल्या चालकाला जमिनीचे त्रिमितीय रूप दिसे. फिल्मवर फक्त एक बारीक फट उघडी असे. ती पट्ट्यापट्ट्याने पुढे सरकताना चालक फिल्मचा पृष्ठभाग वरखाली करून फट सतत त्या त्रिमितीय जमिनीला टेकलेली ठेवी. फिल्मला लाल प्रकाश लागत नसे, म्हणून चालकाला दोन्ही चित्रे दिसली तरी छापले जाई एकच. तीव्र उतारावर शेजारच्या पट्ट्या नीट जुळत नसत. रस्ता सांध्यावर तुटे किंवा दुहेरी दिसे. 1976 साली आलेल्या विल्ड कंपनीच्या एव्हिओप्लान ओआर-1 या यंत्रात उंचीच्या नोंदी संगणकातून येत आणि आडवा उतारही हिशेबात घेतला जाई.

आता सगळे काम संगणकावर होते, तेही उलट्या दिशेने. आधी कोऱ्या ऑर्थोफोटोचा एक चौकोन घ्यायचा, त्याची उंची अंकीय उंची-प्रतिमानातून, म्हणजे जागोजागच्या उंचीच्या अंकांतल्या नोंदीतून, वाचायची, तो बिंदू मूळ छायाचित्रात कुठे पडतो ते गणिताने काढायचे आणि तिथला रंग आणून भरायचा. त्यासाठी कॅमेऱ्याची जागा आणि कल अचूक माहीत हवा; तो उपग्रह-स्थाननिश्चिती, जडत्वमापक (विमानाचा कल आणि हालचाल टिपणारे उपकरण) आणि जमिनीवरच्या नियंत्रण बिंदूंवरून (आधीच अचूक मोजलेल्या खुणांवरून) मिळतो. विमानातून घेताना लागोपाठची छायाचित्रे साधारण 60 टक्के एकमेकांवर येतील अशी घेतात, ड्रोनने त्याहून जास्त.

चर्चा नेहमी कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलची होते, पण निकाल उंची-प्रतिमानच ठरवते. उभ्या रेषेपासून 45 अंशांवर पाहिलेल्या बिंदूच्या उंचीत 1 मीटर चूक असेल, तर तो जागेवरून 1 मीटरच सरकतो. प्रतिमानात नुसती जमीन धरली आणि पूल धरला नाही, तर पूल नदीत वितळल्यासारखा वाकतो आणि इमारती कललेल्याच राहतात. इमारतींसह पृष्ठभागाचे प्रतिमान वापरून, झाकलेला भाग दुसऱ्या छायाचित्रातून भरला, की त्याला ‘ट्रू ऑर्थोफोटो’ म्हणतात. दोन छायाचित्रे जिथे जोडली जातात ती जोडरेषा घरांमधून न नेता रस्त्याच्या किंवा बांधाच्या कडेने नेण्याचे काम आजही नजरेनेच तपासावे लागते.

2020 पासून ‘स्वामित्व’ योजनेत भारतीय सर्वेक्षण विभाग ड्रोनने खेड्यांतल्या वस्तीची छायाचित्रे घेतो. महाराष्ट्रात त्यांच्या ऑर्थोफोटोवरून गावठाणाचे नकाशे आणि पुढे मिळकत पत्रिका तयार होतात. वरून पाहताना भिंत दिसत नाही, दिसते ती छपराची कड, आणि कौलारू घराची वळचण भिंतीच्या बरीच पुढे येते. म्हणूनच उड्डाणाआधी हद्दी चुन्याने आखून घेतात आणि नकाशा तयार झाल्यावर तो जागेवर जाऊन पडताळतात.