दोन फौझिया: आत्या आणि भाची

जानेवारी २००५ मध्ये इराणच्या माजी राणी फौझिया वारल्याची बातमी काही ठिकाणी आली. त्या हयात होत्या. वारली होती त्यांची भाची, २७ जानेवारीला, स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात. तिचंही नाव फौझिया, तीही इजिप्तची राजकन्या. हा घोळ अजूनही होतो आणि त्यात झाकलं जातं ते भाचीचंच आयुष्य, म्हणून हे लिहितेय.

आपल्याकडे बारशाला बाळाचं नाव आत्या ठेवते. इथे बाळाला आत्याचंच नाव मिळालं. आत्याचे वडील, इजिप्तचे राजा फुआद, यांना 'फ' अक्षर शुभ वाटायचं. मुलगा फारूक, मुली फौझिया, फैझा, फैका, फतिया. फारूकच्या राणीचं साफिनाझ हे नाव बदलून फरीदा झालं आणि त्यांच्या मुली फिरियाल, फौझिया, फादिया. अशा घरात गोंधळ व्हायचाच. मात्र अरबी नावात, आपल्यासारखंच, पुढे वडिलांचं नाव येतं. फुआदची मुलगी ती आत्या, फारूकची ती भाची. तेवढं पाहिलं तरी पुरे.

आत्या १९२१ च्या. १९३९ मध्ये कैरोत इराणच्या युवराजांशी लग्न झालं, १९४१ मध्ये त्या राणी झाल्या. छायाचित्रकार सेसिल बीटन यांनी टिपलेला, १९४२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आलेला तो प्रसिद्ध चेहरा त्यांचा. १९४५ मध्ये त्या माहेरी आल्या आणि तेहरानला परतल्या नाहीत. १९४८ मध्ये इराणनेही घटस्फोट जाहीर केला. मुलगी शाहनाझ तिकडेच राहिली. पुढच्या वर्षी त्यांनी इस्माईल शिरीन यांच्याशी लग्न केलं. १९५२ च्या लष्करी उठावानंतर भावाचं, फारूकचं, राजपद गेलं, १९५३ मध्ये घराण्याची मालमत्ता जप्त झाली, तरी त्या देश सोडून गेल्या नाहीत. २ जुलै २०१३ रोजी, ९१ व्या वर्षी, त्या अलेक्झांड्रियातच वारल्या. त्यांना 'हद्दपार राजकन्या' म्हणणं चूक आहे.

हद्दपारी आली ती भाचीच्या वाट्याला. जन्म ७ एप्रिल १९४०. आठ वर्षांची असताना आईवडिलांचा घटस्फोट झाला. २६ जुलै १९५२ च्या संध्याकाळी, अलेक्झांड्रियातल्या रास अल-तीन राजवाड्याच्या धक्क्यावरून 'महरूसा' हे शाही जहाज सुटलं, तेव्हा ती बारा वर्षांची होती. सोबत तेरा वर्षांची फिरियाल, आठ वर्षांची फादिया, वडील, सावत्र आई नरीमान आणि सहा महिन्यांचा सावत्र भाऊ. सख्खी आई फरीदा मागे, इजिप्तमध्येच. किनाऱ्यावरून २१ तोफांची सलामी झाली. त्या वयाच्या मुलीला ती सलामी कशी ऐकू आली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

जहाज इटलीला, नेपल्सला लागलं. पुढे वडील रोममध्ये राहिले, मुली शिक्षणासाठी स्वित्झर्लंडला गेल्या. १९६५ मध्ये वडील रोममध्येच वारले. आत्याला तेहरानहून परतायला माहेर होतं. भाचीचं माहेरच बाराव्या वर्षी बंद झालं.

आणि जहाजही तेच. १८७९ मध्ये तिच्या पणजोबांना, इजिप्तचे तेव्हाचे शासक ('खेदिव') इस्माईल यांना, पदच्युत केलं गेलं, तेव्हा 'महरूसा'नेच त्यांना नेपल्सला नेलं होतं.