आधी विचारा, तारा किती?

दोर, डोंगर आणि होडी यांच्या आधाराने अनोळखी मुलांचा संघ घडवण्याची कल्पना जुनी आहे. १९४१ साली कुर्ट हान आणि लॉरेन्स होल्ट यांनी वेल्समधील अबरडोव्ही येथे साहसातून शिक्षण देणाऱ्या 'आउटवर्ड बाउंड' या संस्थेची पहिली शाळा काढली, तेव्हापासून आजच्या साहस-शिक्षणाची परंपरा मोजतात. त्या परंपरेत मुरलेल्या प्रशिक्षकाला व्हिडिओ गेम हा बैठा उद्योग वाटला, तर त्यात नवल नाही.

तरीही २०१५ साली आलेला 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स' हा खेळ त्याने एकदा पाहावा. एकाला पडद्यावर बॉम्ब दिसतो, पण तो निकामी करण्याचे नियम इतरांच्या हातातील पुस्तिकेत असतात आणि त्यांना पडदा पाहण्याची मुभा नसते. तारा तीन असतील आणि त्यांत लाल एकही नसेल, तर दुसरी कापायची, असे ते नियम. पहिल्या डावात बॉम्बवाला भराभर रंग सांगत सुटतो, पुस्तिकेवाले एकदम बोलतात आणि भलतीच तार कापली जाते. पुढे केव्हातरी कोणीतरी आधी "तारा किती?" असे विचारू लागतो, कारण पुस्तिकेतील तारांचे नियम त्या संख्येनुसारच लावलेले असतात. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या सोबत्याला केवळ बोलून वाट दाखवण्याच्या शिबिरातील खेळाचे मर्मही हेच आहे. इथे मात्र चुकल्यावर लगेच नवा डाव मांडता येतो.

असे खेळ संघाच्या कामी येतात का, हे अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३५२ जणांचे ८० संघ केले होते व आधीची ओळख असलेल्यांना वेगवेगळ्या संघांत घातले होते. काम होते त्रोटक सूचनांवरून परिसरातील ठिकाणे शोधण्याचे, म्हणजे साहस-शिबिराला अगदी जवळचे. ते काम दोनदा करायचे होते; मध्ये ४५ मिनिटे एकत्र व्हिडिओ गेम खेळलेल्या संघांची कामगिरी सुमारे २० टक्क्यांनी सुधारली. गंमत पुढे आहे: परस्परांविषयीची जवळीक मात्र खेळणाऱ्यांपेक्षा, त्या वेळात खेळाऐवजी उद्दिष्टांवर एकत्र चर्चा केलेल्या संघांत अधिक वाढली.

म्हणून मला खेळापेक्षा खेळानंतरची दहा मिनिटे मोलाची वाटतात. पाऊस, भूक आणि कड्यावरची भीती पडदा देऊ शकत नाही, ती बाहेरच भेटते; पण बाहेर पडण्याआधी, पुस्तिका हातात असूनही कोण गप्प राहिले आणि कोणाचे बोलणे कोणी ऐकलेच नाही, हे प्रशिक्षकाला बसल्या जागी विचारता येते.